अंगठा गेला, सही आली, पुस्तक कुठाय?

अण्णा भाऊ साठ्यांना वाचायला कुणी शिकवलं? शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले. मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या, भिंतींवरची पोस्टरं, सिनेमाच्या जाहिराती बघत बघत त्यांनी अक्षराला अक्षर जुळवलं. त्याच माणसाने १९५९ साली 'फकिरा' दिली. फलटणच्या बेबीताई कांबळे घ्या. संसाराला हातभार म्हणून दुकान चालवायच्या. माल बांधायला आणलेली रद्दी गल्ल्यावर बसून वाचायच्या आणि लिहिलेल्या वह्या घरच्यांच्या नजरेआड दडवून ठेवायच्या. त्या वह्यांमधून आलेलं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने निघालं.

आपले समीक्षक या गोष्टी मोठ्या कौतुकाने सांगतात. बघा, रद्दीतून लेखिका झाली, पाटीतून लेखक झाला! मला या कौतुकाच्या आत एक आरोप दिसतो. अण्णा भाऊ पाट्या वाचत फिरत होते तेव्हा मुंबईत मराठी ग्रंथसंग्रहालय होतं, १८९८ पासून होतं. मग दलित लेखकाचं पहिलं वाचनालय बाजारातली पाटी आणि दुसरं रद्दी, असं का झालं? जे दोघे-चौघे यातून तरले त्यांची नावं आपण घेतो. जे तरले नाहीत त्यांची मोजदाद कुठल्या रजिस्टरात आहे?

साक्षरतेवर आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात. ग्रंथालयावर परिसंवादही होतात. पण ही दोन्ही एकाच मांडवात बोलावली जात नाहीत. अक्षर देणारा हात एका खात्यात आणि पुस्तक देणारा हात दुसऱ्या खात्यात. माझं म्हणणं एवढंच आहे की ही ताटातूट नजरचुकीने झालेली नाही. तिला इतिहास आहे आणि त्या इतिहासाला जात आहे.

१८४८ साल घ्या. त्या वर्षी पुण्यात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. लोकहितवादींसारखी जाणती माणसं तिच्यामागे होती. त्याच साली, त्याच शहरात जोतीराव आणि सावित्रीमाईंनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. लायब्ररी कुणासाठी? ज्यांना आधीच वाचता येत होतं त्यांच्यासाठी. शाळा कुणासाठी? ज्यांना वाचूच द्यायचं नव्हतं त्यांच्यासाठी. पुढे १८५५ साली फुल्यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तीही आपल्या राहत्या घरात. आज सरकारी भाषेत ज्याला प्रौढ साक्षरता वर्ग म्हणतात, तो इथे फुल्यांच्या घरात भरत होता. दिवसभर राबून आलेल्या माणसासाठी रात्री दिवा कुणी लावला, हे आपण विसरता कामा नये.

मग १९२३ चा बोले ठराव. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असं त्यात म्हटलं होतं. यादी नीट वाचा. वाचनालयाचं नाव त्यात नाही. ठराव चांगलाच होता, त्याच्याच आधारावर १९२७ साली महाडला आपण चवदार तळ्यावर गेलो. पण पाणी आणि दवाखाना सुचलेल्या सुधारकांना 'अस्पृश्याला पुस्तकही लागत असेल' हे सुचलं नाही. बाबासाहेबांना सुचलं. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहांच्या जोडीला वाचनालयं लिहिलेली होती. शिक्षण आणि पुस्तकाचं कपाट त्या माणसाने पहिल्या दिवसापासून एका वाक्यात ठेवलं.

आता स्वतंत्र देशातलं बघू. १९५९ साली साताऱ्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, १९६१ पासून ती राज्यभर नेली. गावानेच गावातल्या निरक्षरांना शिकवायचं आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. कल्पना वाईट नव्हती. कितीतरी शाळामास्तरांनी कंदिलाच्या उजेडात घाम गाळला, त्यांचं श्रेय मी नाकारत नाही. पण समारंभ आटोपला, मांडव सुटला, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी त्या नवसाक्षराने वाचायचं काय? शेतावर त्याला कुणी पेपर देत नव्हतं. घरात छापील कागद म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर, तेही कुणी दिलं तर. अक्षर हे विळ्यासारखं असतं. वापरात नसलं की गंजतं. सहा महिन्यांत अक्षर गेलं, हातात राहिली फक्त सही.

ही सही मला अंगठ्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटते. अंगठा देणारा माणूस निदान विचारतो, 'भाऊ, काय लिवलंय यात?' सही करणाऱ्याला विचारायची लाज वाटते. आज वस्त्यावस्त्यांत मायक्रो फायनान्सवाले आयाबायांच्या सह्या घेतात. पाच-सहा पानांचा कागद, बारीक अक्षर, खाली फुलीची खूण. बाई अभिमानाने सही करते. व्याज किती, हप्ता चुकला तर काय, ते वर लिहिलेलं असतं. सरकारी हिशेबात ही बाई साक्षर. कर्जवाल्याच्या हिशेबात सोयीची.

१९६७ साली महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे चार वर्ग पाडले. (सरकारला इथेही चारच सुचावेत हा योगायोग म्हणून सोडून देऊ.) वर्गाप्रमाणे अनुदान. पण गावचं ग्रंथालय चालवते एक संस्था. तिचं मंडळ, तिचे सभासद, सभासदाची वर्गणी, वर अनामत. मद्रासने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी कर बसवला होता, आपल्याकडे तो नाही. म्हणजे तिजोरीतला पैसा सगळ्यांचा, कपाटाची किल्ली मंडळाची. मंडळात कोण असतं? गावाच्या सोसायटीत, देवळाच्या ट्रस्टमध्ये, शाळेच्या कमिटीत जे असतात तेच. ग्रंथालयाची खोली कुठे असते? पेठेत, पारापाशी. वस्तीत कधी पाहिलीय? ती उघडते संध्याकाळी तीन-चार तास. मजुरीहून आलेली बाई चूल पेटवते ती त्याच वेळेला.

तिथल्या ग्रंथपालाला मी शत्रू मानत नाही. तुटपुंज्या पगारावर तो झाडलोटीपासून रजिस्टरापर्यंत सगळं करतो, अनुदान उशिरा आलं की त्याचं घर उधारीवर चालतं. प्रश्न त्याचा नाही. मी वस्तीत वर्ग घ्यायचो तेव्हाची एक गोष्ट सांगतो. वर्गातल्या एका मावशीला जोडाक्षरं वाचता यायला लागली. तिला रमाईवरचं पुस्तक वाचायचं होतं. आम्ही जवळच्या ग्रंथालयात गेलो. तिथला माणूस भला होता. त्याने रमाईचं चरित्र काढून दिलं, पण बारीक टाइप, दीड-दोनशे पानं. मावशीने डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, परत ठेवलं. मोठ्या अक्षरातलं काही मागितलं तर त्याने बालविभागातून ससा-कासवाची गोष्ट आणून दिली. मावशी म्हणाली, "माजी नातवंडं वाचत्यात ह्ये. मला व्हय?" त्या खोलीत हजारो पुस्तकं होती. पण साठीच्या बाईसाठी, जिने आत्ता अक्षर धरलं आणि जिच्या पाठीशी साठ वर्षांचं जगणं आहे तिच्यासाठी, एकही नव्हतं. तिच्यासारखी वाचक येईल असं पुस्तकं विकत घेणाऱ्याने कधी धरलंच नव्हतं.

'नवसाक्षरांसाठी साहित्य असतं की!' असं कुणी म्हणेल. असतं. त्याच्याकडे साहित्य म्हणून पाहायची वेळ आली आहे. आपण कविता-कथांची चिरफाड करतो, पण आपल्या आयांच्या हातात दिलेल्या वाचनपाठाची समीक्षा कुणी करत नाही. मी हाती लागले तेवढे वाचलेत. त्यांचा नायक ठरलेला असतो. तो अस्वच्छ असतो, त्याला पोरं फार असतात, तो दारू पितो, सण-लग्नात कर्ज काढतो. मग एक शहाणा माणूस येतो, गुरुजी किंवा ग्रामसेवक. तो समजावतो. शेवटच्या पानावर घर सारवलेलं, नायक हसतोय. या गावात पाटील नसतो, सावकार नसतो, वेगळा पाणवठा नसतो, वेगळं मसणवटं नसतं. जात तर नसतेच. गरीब गरीब का आहे? तर तो अडाणी आहे म्हणून. मनुस्मृतीने सांगितलं, मागच्या जन्मीचं पाप. वाचनपाठ सांगतो, या जन्मीचा निष्काळजीपणा. दोन्हीकडे आरोपी तोच.

२ ऑक्टोबर १९७८ ला देशात राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्याच १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. एकाच वर्षी आपल्याबद्दल दोन प्रकारचा मजकूर छापला जात होता. एकात आपण उपदेशाचे धनी होतो, दुसऱ्यात आपण बोलत होतो. 'बलुतं'वर मध्यमवर्गाने चर्चा केली, पारितोषिकं दिली, भाषांतरं झाली. पण ज्यांच्या आयुष्याचं ते पुस्तक, त्या कावाखान्यातल्या, म्हारवाड्यातल्या प्रौढ वर्गात त्यातली चार पानं मोठ्या टाइपात छापून कुणी पोचवली? सरकारने नाही केलं, ते समजू शकतो. दलित साहित्याच्या चळवळीने तरी केलं का? आपण लिहिलं ते वाचू शकणाऱ्यांसाठी. हा टोला आपल्याला बसला पाहिजे.

वाचनपाठात खरं बोललं तर काय होतं त्याचाही दाखला आहे. आंध्रच्या नेल्लोर जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहीम चालली होती. तिथल्या पाठात सीतम्माची गोष्ट होती. गावातल्या बायका एक होऊन दारूचं दुकान बंद पाडतात. दुबगुंटा गावच्या बायकांनी ती वाचली, ऐकली आणि सरळ आपल्या गावचं अरकचं दुकान बंद पाडलं. रोसम्मा नावाची बाई पुढे होती. आग गावोगाव पसरली आणि १९९३ साली आंध्र सरकारला अरकवर बंदी घालावी लागली. बघा, विषय तोच, दारू. आपल्या पाठात पिणाऱ्याला उपदेश आहे. तिथल्या पाठात विकणाऱ्याविरुद्ध संघटना आहे. पहिला पाठ माणसाला खाली मान घालायला लावतो, दुसरा घराबाहेर काढतो.

काळ्यांच्या चळवळीशी आपलं नातं आपण १९७२ च्या दलित पँथरपासून सांगतो. पण तिथल्या बंदुकीची आणि कवितेची चर्चा झाली, तिथल्या ग्रंथालयाची नाही. म्हणून हे ऐका. लुइझियाना राज्यात क्लिंटन नावाचं गाव. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या फिरत्या गाड्या दोन, लाल गाडी गोऱ्यांना, निळी काळ्यांना. काळ्यांच्या कार्डावर 'निग्रो' असा शिक्का. ७ मार्च १९६४ ला पाच काळे तरुण त्या ग्रंथालयात गेले. एकाने निग्रोंच्या इतिहासाचं पुस्तक मागितलं. ते इथे नाही, मागवून पाठवू, असं उत्तर मिळालं. ते गेले नाहीत, गप उभे राहिले. दहा-पंधरा मिनिटांत शेरीफ आला आणि त्यांना पकडून नेलं. गुन्हा काय, तर शांतताभंग. तोंडातून शब्द न काढता शांतताभंग! १९६६ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, तीही पाच विरुद्ध चार मतांनी. आपल्याला चवदार तळं जसं, तसं त्या पाचांना ते कपाट.

दुसरी गोष्ट दक्षिण कॅरोलिनातल्या जॉन्स बेटावरची. तिथे मत द्यायला नाव नोंदवायचं तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. १९५७ च्या जानेवारीत तिथे प्रौढांचा वर्ग सुरू झाला. सेप्टिमा क्लार्क यांनी तो उभा केला, शिकवायला बर्निस रॉबिन्सन. या बाई पेशाने केस करणाऱ्या, मास्तरीण नव्हेत, आणि मास्तरीण नको हे ठरवूनच त्यांना निवडलेलं. पुढे दुकान, मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे गोऱ्यांना संशय नको. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणी म्हणालं मनीऑर्डर भरायची, कुणी म्हणालं बायबल वाचायचं, कुणी म्हणालं मत द्यायचं. त्यावरून धडे झाले. भिंतीवर मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता. असे वर्ग पुढे दक्षिणेतल्या राज्यांत पसरले. तिथल्या चळवळीची मतं या वर्गांतून आली.

आणि लांब जायचं नसेल तर केरळात जा. ज्या त्रावणकोरात अय्यन्काळींना पुलया पोरांच्या शाळाप्रवेशासाठी शेतमजुरांचा संप करावा लागला, त्याच मुलखात १९४५ साली पी. एन. पणिक्करांनी ४७ ग्रंथालयं एकत्र आणून संघ बांधला. त्या संघाने पुस्तकं दिली आणि निरक्षरांना शिकवलंही. १९९० साली एर्नाकुलम जिल्हा साक्षर जाहीर झाला, १९९१ साली सगळं राज्य. दलित-आदिवासींचे प्रश्न तिथे सुटले असं मी म्हणणार नाही, शेवटच्या वस्त्या तिथेही शेवटीच राहिल्या. पण शिकलेल्या माणसाला चालत जाण्याच्या अंतरावर पुस्तक होतं. आपल्याकडे गौरव समारंभ होता.

आता आकडे. १९६१ साली देशातल्या अनुसूचित जातींत शंभरात दहा साक्षर होते, स्त्रियांत तीन. २०११ च्या जनगणनेत ६६ आणि स्त्रियांत ५६. बौद्धांत ८१, म्हणजे सगळ्या देशाच्या ७३ च्या वर. हे बौद्धांचे ८१ कुणा साक्षरता कार्यक्रमाने दिलेले नाहीत. बाबासाहेबांच्या एका शब्दाखातर भांडी विकून पोरं शाळेत घातलेल्या आयांनी दिलेत. गोची ही की उरलेल्या एकोणीसात त्याच आया आहेत. पोरगा साहेब झाला, आई अजून बसचा बोर्ड दुसऱ्याला विचारते.

सरकारने २०२२ ते २०२७ साठी नवा कार्यक्रम आखला, 'उल्लास'. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना शिकवायचं, शिकवणार कोण तर बिनपगारी स्वयंसेवक. शेवटी दीडशे गुणांची परीक्षा, केंद्र शाळा. पास झाला की प्रमाणपत्र. म्हणजे मांडव पुन्हा तोच. कुणी म्हणेल, आता मोबाइल आहे, ग्रंथालय कशाला? मोबाइल बोलतो, दाखवतो, वाचायची गरजच ठेवत नाही. आणि वाचायला लावतो तेव्हा व्हॉट्सअॅपवरचं विष वाचायला लावतो. खरं-खोटं ताडून पाहायला दुसरं पुस्तक बाजूला लागतं. ते कपाटात असतं.

गावचं ग्रंथालय मात्र बदललंय. आता तिथे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका आहे. आपलीही पोरं पहाटेपासून तिथे खुर्ची धरतात. धरू देत. पण त्या पोरांपैकी एकाने आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर दिला तर तिथेच एक प्रौढ वर्ग उभा राहतो. राज्य सरकार उत्कृष्ट ग्रंथालयांना पुरस्कार देतं तो बाबासाहेबांच्या नावाने. नाव बाबासाहेबांचं, मग त्या ग्रंथालयात निरक्षरासाठी एक बाकडं का नको, हा प्रश्न आपण विचारायचा नाही तर कुणी?

आपल्या घरचंही बघू. वस्तीत समाजमंदिर असतं, सरकारी पैशाने बांधलेलं. बहुतेकांना कुलूप. आत सिमेंटची पोती, लग्नाची भांडी, कुठे शेळ्या. विहारात बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काचेच्या कपाटात हार घालून ठेवलेले. पुस्तकाला हार घातला की त्याची पोथी होते. आणि तिकडे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बघा. अंगठेबहाद्दर म्हातारी दहा-वीस रुपयांचं पुस्तक घेऊन पदरात बांधते. मी तिला विचारलंय, "आजी, वाचायला येतं?" ती म्हणते, "घरात असू द्यावं. वाचंल कोन बी." इतकी वाचनाची भूक कुठल्या समाजात आहे? 'जनता' चाळीचाळींत एकाने वाचायचं आणि वीस जणांनी ऐकायचं, ही आपली रीत होती. ती आपण सोडली, आणि जागेवर डीजे आला.

तेव्हा कार्यकर्त्या मित्रांनो, पुढचं सांगतो ते सभेतल्या ठरावासाठी नाही, या महिन्यात करण्यासाठी आहे.

गावच्या ग्रंथालयाचे दहा-वीस जण मिळून रीतसर सभासद व्हा, वार्षिक सभेला जा आणि पुस्तक खरेदीची यादी मागा. टाळाटाळ झाली तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कचेरीत माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. रात्री आठ ते नऊ एक खोली वर्गासाठी मागा, लेखी मागा, नकार मिळाला तर तोही लेखी घ्या. समाजमंदिराचं कुलूप काढा, शेळ्या बाहेर, सतरंजी आत. खंडांवरचे हार काढा आणि शनिवारी मोठ्याने वाचा.

वर्गात 'कमळ' आणि 'गवत' शिकवू नका. मस्टर, मजुरी, रेशन, सातबारा, घरकुल, दाखला, हप्ता, व्याज, पाणी, हे शब्द शिकवा. कर्जाचा कागद हाच पहिल्या महिन्याचा धडा असू द्या. आणि लिहिणाऱ्यांनो, सोळा पानी, मोठ्या अक्षरातलं, मावशीला वाचता येईल आणि मावशीचा अपमान होणार नाही असं एक तरी पुस्तक प्रत्येकाने लिहा. ते लिहिणं कवितेपेक्षा सोपं नाही. छापायला पैसे नसतील तर हे अंक जिथे निघतात तिथेच स्टेन्सिल कापू.

जयभीम.